वरचा कॉमा एसच्या आधी का नंतर? क्रियापद, प्रिपोजिशन आणि “पोट्ट्याईचं” : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात आमच्या गावच्या समाजमंदिरात मी संध्याकाळी इंग्रजीचा क्लास घेते. आठवीपासून बारावीपर्यंतचे पोट्टे-पोट्ट्या असतात, तलाठी भरतीची तयारी करणारे दोनचार मोठे पोरं पण मागं येऊन बसतात. दरवर्षी सगळ्यांची गाडी एकाच जागी अडते, “लिसन टू द फार्मर्स’ प्रॉब्लेम्स” असं वाक्य आलं की तो वरचा कॉमा (अपॉस्ट्रॉफी, म्हणजे मालकी दाखवणारी खूण) कुठं टाकायचा ते समजत नाही. तेच तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर येत राहतात म्हणून एकदाचं सगळं बसून लिहून काढलं.

इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम आपल्या लिपीत लिहिली, म्हणजे घरी ज्यांना एबीसीडी येत नाही त्यांनाही वाचून लेकराले विचारता येईल. वहीत मात्र इंग्रजीतच लिहा. खूण एवढीच लक्षात ठेवा, “फार्मर’स” म्हणजे कॉमा एसच्या आधी, “फार्मर्स’” म्हणजे कॉमा एसच्या नंतर.

मॅडम, हा प्रकार नेमका आहे तरी काय?

चार डबे जोडलेली गाडी समजा. पहिला डबा क्रियापद, दुसरा प्रिपोजिशन (ॲट, ऑन, फॉर असे नामाच्या आधी येणारे छोटे शब्द), तिसरा मालक (आणि मालक एकापेक्षा जास्त), चौथा मालकाची वस्तू. “लुक ॲट द फार्मर्स’ प्रॉब्लेम्स.” लुक, ॲट, फार्मर्स’, प्रॉब्लेम्स.

आता हेच मराठीत म्हणा, “शेतकऱ्यांच्या अडचणींकडे बघा.” आपल्याकडं मालक पहिले आला, मग वस्तू, वस्तूच्या शेपटीला “कडे” चिकटला आणि क्रियापद सगळ्यात शेवटी. म्हणजे इंजिन मागं. म्हणून मनातल्या मनात मराठी वाक्य करून शब्दामागं शब्द इंग्रजी ठेवत गेलं की हमखास घोळ होतो. आधी क्रियापद आणि प्रिपोजिशन जोडीनं लिहून टाका, मग विचारा “कोणाच्या?”, मग विचारा “काय?”. मी वर्गात हे तीन दम म्हणवून घेते. लुक ॲट. कोणाच्या? द फार्मर्स’. काय? प्रॉब्लेम्स.

कॉमा एसच्या आधी का नंतर, हे ओळखायचं कसं?

याच प्रश्नासाठी हे पूर्ण लिहून राहिली मी, म्हणून जरा सावकाश वाचा.

मागच्या पावसाळ्यात नववीतली एक पोट्टी वही घेऊन आली. “वी डिपेंड ऑन द फार्मर’स क्रॉप” लिहिलेलं, आणि तिला म्हणायचं होतं की सगळे शेतकरी. मी दहा वेळा नियम सांगितला, एकवचन असलं की कॉमा आधी, अनेकवचन असलं की नंतर. तिनं दहा वेळा मान हलवली आणि पुढच्या वाक्यात परत तेच. तेवढ्यात तिची आजी तिला न्यायला आली, दारातला चपलांचा ढीग बघून म्हणते, “वो बाई, या पोट्ट्याईच्या चपला बाजूले कर, पाय ठेवाले जागा नाही.”

पोट्ट्याईच्या. मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिली.

आपल्या वऱ्हाडी बोलीत एक पोट्टा असला की “पोट्ट्याची चप्पल”, पुष्कळ असले की “पोट्ट्याईची चप्पल”. एक कास्तकार, “कास्तकाराचं वावर”. पुष्कळ कास्तकार, “कास्तकाराईचं वावर”. मास्तराचं, मास्तराईचं. बैलाचा कासरा, बैलाईचा कासरा. हा जो मधातला “ई” आहे ना, तो मालक अनेक असल्याशिवाय येतच नाही. कोणी शिकवलं नाही, कोणाचं चुकत नाही, तीन वर्षाचं लेकरू पण बरोबर बोलते.

तर मग पारख हीच. वाक्य घरच्या बोलीत म्हणून पाहा. “ई” आला तर मालक अनेक, कॉमा एसच्या नंतर. “ई” नाही आला तर मालक एक, कॉमा एसच्या आधी. “आम्ही कास्तकाराईच्या पिकावर अवलंबून आहो,” “ई” आला, म्हणून “वी डिपेंड ऑन द फार्मर्स’ क्रॉप्स.” “मी माह्या मास्तराच्या गोष्टीकडं लक्ष देतो,” “ई” नाही, म्हणून “आय पे अटेन्शन टू माय टीचर’स वर्ड्स.”

त्या पोट्टीनं त्या दिवशी वीस वाक्यं केली आणि वीसही बरोबर आली. आजी दारातच बसून होती, तिला कळत नव्हतं आपण काय शिकवलं ते, मी तिला पाणी दिलं आणि समजावून सांगितलं तर म्हणे, “असं व्हय?”

आमच्या घरी वऱ्हाडी नाही बोलत, शुद्ध मराठी बोलतात. मग?

मग टिंब पाहा. “शेतकऱ्याच्या” आणि “शेतकऱ्यांच्या” या दोन शब्दांत फरक फक्त अनुस्वाराचा. टिंब असलं तर मालक अनेक, कॉमा नंतर (“सरांच्या” असं एकाच माणसाला मान देऊन लावलेलं टिंब सोडून). टिंब नसलं तर एक, कॉमा आधी. “विद्यार्थ्याच्या” म्हणजे “स्टुडंट’स”, “विद्यार्थ्यांच्या” म्हणजे “स्टुडंट्स’”.

अडचण एकच आहे की हे टिंब बोलताना कानाला पडत नाही. भरभर बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून मराठीच्या पेपरात पण पोरं टिंब विसरतात. इंग्रजीत तोच कॉमा विसरतात, एकच रोग आहे. वऱ्हाडीत मात्र “ई” खणखणीत ऐकू येते, म्हणून मी म्हणते की हे आपल्या पोरांजवळ जास्तीचं आहे, कमीचं नाही.

म्हणजे गावची बोली बोलल्यानं इंग्रजी बिघडत नाही?

नाही. मी शहरात कॉलेजला होती तेव्हा एका सरांनी भर वर्गात मला सांगितलं की तुझं “लोकाईचं-पोराईचं” आधी बंद कर मग इंग्रजीकडं ये. मी पूर्ण वर्ष वर्गात तोंड उघडलं नाही. ते वर्ष वाया गेलं याचं मला आजही वाईट वाटते, आणि माझ्या समोर बसलेल्या एकाही लेकराचं तसं वर्ष जाऊ नये म्हणून हे इतकं जोर देऊन लिहून राहिली.

वऱ्हाडी ही काही बिघडलेली मराठी नाही. इंग्रजांच्या काळात ग्रिअर्सन नावाच्या साहेबांनी भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिचा मराठीवरचा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडीची वेगळी नोंद आहे. आणि अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर तर सगळ्यांना माहीत पाहिजे, तेराव्या शतकात महानुभाव पंथानं मराठी गद्याचा पाया घातला त्यात या गावाचं नाव पहिले येते, आता मराठी भाषा विद्यापीठ पण तिथंच आलं. ज्या मातीत मराठी गद्य उभं राहिलं तिथल्या पोरांनी आपल्या बोलीची लाज कायले धरायची?

पेपरात मराठी लिहिताना प्रमाण लिहा, ते तर लिहावंच लागते. पण डोक्यात विचार करताना आईची बोली वापरा, ती तिथं कामाची आहे.

माझ्या वाक्यात प्रॉब्लेम्स पुष्कळ होते म्हणून मी कॉमा नंतर टाकला. मार्क कापले. का?

ही चूक फार जणांची होते आणि ती मराठीमुळं होते, म्हणून रागावू नका, समजून घ्या.

मराठीत “चा, ची, चे” वस्तूकडं पाहून बदलते. शेतकऱ्याचा बैल, शेतकऱ्याची गाय, शेतकऱ्याचे बैल. मालक तोच एक, पण वस्तू बदलली की प्रत्यय बदलला. आपल्या डोक्याला लहानपणापासून सवय आहे की प्रत्यय लावताना पुढच्या शब्दाकडं बघायचं. इंग्रजीत बरोबर उलटं. तिथं कॉमा फक्त मालकाकडं पाहते, वस्तू एक असो का शंभर.

“द फार्मर’स बुलक,” एक शेतकरी एक बैल. “द फार्मर’स बुलक्स,” एक शेतकरी, बैल दोन. “द फार्मर्स’ बुलक्स,” शेतकरीही अनेक, बैलही अनेक. “द फार्मर्स’ वेल,” शेतकरी अनेक, विहीर सामाईक एकच. हे चारही वाक्यात घालून पाहा, “टेक केअर ऑफ” लावा समोर, प्रिपोजिशन “ऑफ” चारही ठिकाणी तसंच राहते, कॉमा मात्र मालकामागं फिरते.

म्हणून लिहिताना पुढच्या शब्दावर हात ठेवून तो झाकून टाका. खरंच सांगते, आमच्या वर्गात पोरं तळहातानं झाकतात. मालक तेवढा दिसला पाहिजे.

बोलताना फरक कसा करायचा?

करता येत नाही. फार्मर’स, फार्मर्स’ आणि साधं अनेकवचन फार्मर्स, तिन्हीचा उच्चार इंग्रज माणूस पण एकच करतो. फरक कागदावरच दिसते. डिक्टेशन असलं तर मागचं पुढचं वाक्य ऐकून ठरवा.

मराठीत “ची” आहे, मग इंग्रजीत कॉमा का नाही येत?

हा दुसरा मोठा खड्डा. मराठीत “ची” दिसला की मालकी असतेच असं नाही.

“मी एसटीची वाट पाहतो.” इथं वाट काही एसटीच्या मालकीची नाही, “वाट पाहणे” या क्रियापदालाच “ची” लागते. इंग्रजीत त्या “ची” ची जागा प्रिपोजिशन घेते, “वेट फॉर.” म्हणून “आय वेट फॉर द बस,” कॉमा नाही. तसंच “मुलांची काळजी घेणे” म्हणजे “लुक आफ्टर द चिल्ड्रन,” कॉमा नाही. “कोणाची टिंगल करू नका” म्हणजे “डोंट लाफ ॲट एनीवन.” पोरं हमखास “लुक आफ्टर द चिल्ड्रन’स” लिहून मोकळी होतात, मग मी विचारते, चिल्ड्रन’स काय? दप्तर? डबा? पुढं वस्तूच नाही.

आता वस्तू घालून पाहू. “मी विद्यार्थ्यांच्या पालकांची वाट पाहते.” यात दोन वेळा प्रत्यय आला, “विद्यार्थ्यांच्या” आणि “पालकांची”. पहिला खरा मालकीचा, दुसरा “वाट पाहणे” मुळं आलेला. “आय वेट फॉर द स्टुडंट्स’ पेरेंट्स.” स्टुडंट्सला कॉमा लागला, पेरेंट्सला नाही लागला, कारण पेरेंट्सचं काम “फॉर” नं केलं. हे एक वाक्य ज्याला नीट कळलं त्याला अर्धा धडा कळला असं मी समजते.

“बिलाँग टू” च्या वेळी तर जास्तच सांभाळा. “हे वावर माझ्या काकांचं आहे” (काका दोन-तीन, वाटणी झाली नाही), “धिस फील्ड बिलाँग्स टू माय अंकल्स.” मालकी “बिलाँग टू” मधेच आली, वर कॉमा टाकला तर ते चुकलं. कॉमा तेव्हाच जेव्हा पुढं अजून काही असेल, “धिस बुलक-कार्ट बिलाँग्स टू माय अंकल्स’ नेबर,” बंडी काकांच्या शेजाऱ्याची.

कोणत्या क्रियापदाला कोणतं प्रिपोजिशन, यादी पाठ करायची का?

यादी नको, यादी परीक्षेच्या आदल्या रात्री उडून जाते. आपल्या रोजच्या कामाची वाक्यं करा आणि ती मोठ्यानं म्हणा, क्रियापद आणि प्रिपोजिशन एकाच श्वासात.

कापूस वेचाले बाया येतात त्याच्यावर आपलं सगळं आहे, “वी डिपेंड ऑन द वर्कर्स’ हेल्प.” दुपारी त्यांच्या चहाचे पैसे बाबांनी दिले, “माय फादर पेड फॉर द वर्कर्स’ टी.” बाजार समितीत भाव पाडला म्हणून आरडाओरड झाली, “द फार्मर्स कम्प्लेन्ड अबाऊट द ट्रेडर्स’ रेट्स” (इथं पहिलं फार्मर्स साधं अनेकवचन, ते तर कर्ता आहे, त्याला कॉमा लावू नका). शेजारी लग्नाला गेले तर त्यांच्या बकऱ्या आई पाहते, “माय मदर लुक्स आफ्टर द नेबर्स’ गोट्स.” दुसऱ्यांच्या चुकांवर हसू नका, “डोंट लाफ ॲट अदर्स’ मिस्टेक्स.” पोरांच्या वागण्याबद्दल माफी मागितली, “ही अपॉलजाइझ्ड फॉर द बॉईज’ बिहेवियर.”

मराठीतलं “वर” फसवते. अवलंबून राहणे “वर” ते इंग्रजीत “ऑन”, बरं जुळलं. पण हसणे “वर” ते “लाफ ॲट”, विश्वास ठेवणे “वर” ते “बिलीव्ह इन”. “वर” दिसला की “ऑन” ठोकून देऊ नका.

आणि काही क्रियापदांना प्रिपोजिशन लागतच नाही, तिथं पोरं उगाच घालतात. “डिस्कस अबाऊट” नाही, नुसतं “वी डिस्कस्ड द विलेजर्स’ डिमांड्स.” “एंटर” नंतर आत या अर्थानं “इन” नाही. “मॅरी विथ” नाही, मराठीत “शी लग्न” म्हणतो म्हणून “विथ” सुचते. “आन्सर” आणि “रीच” पण तसेच, पण “रिप्लाय” ला “टू” लागते, “शी रिप्लाइड टू द पेरेंट्स’ क्वेश्चन्स.” पालक सभेनंतर मी हेच वाक्य फळ्यावर लिहिते.

चिल्ड्रन, वुमेन, पीपल यात “ई” येते तरी कॉमा एसच्या आधी का?

बरोबर पकडलं. “लेकराईचं,” “बायाईचं,” “लोकाईचं,” तिन्हीत “ई” आहे, मालक अनेक आहेत, तरी लिहायचं “चिल्ड्रन’स,” “वुमेन’स,” “पीपल’स.” कारण हे शब्द अनेकवचनातच आहेत पण त्यांच्या शेवटी एस नाही. ज्याच्याजवळ एस नाही त्याला कॉमा आणि एस दोन्ही द्यावे लागतात.

म्हणून पूर्ण कृती अशी, “ई” आला की आधी शब्दाचं अनेकवचन पूर्ण लिहून काढा. मग शेवटचं अक्षर पाहा. एस असला तर नुसता कॉमा, नसला तर कॉमा आणि एस. बचत गटाची मीटिंग असली की “वी टॉक्ड अबाऊट द वुमेन’स सेव्हिंग्ज.” शाळेच्या खिचडीबद्दल विचारलं, “ही आस्क्ड अबाऊट द चिल्ड्रन’स मील.” “चिल्ड्रन्स” असा वेगळा शब्द इंग्रजीत नाहीच, त्यामुळं तिथं कॉमा शेवटी जायचा प्रश्नच नाही.

रजेच्या अर्जात “टू डेज लीव्ह” ला कॉमा लागते का?

लागते, आणि जवळजवळ कोणीच टाकत नाही. दिवसाला मालक कसं म्हणायचं असं पोरं विचारतात. मराठीत आपण “दोन दिवसांची सुट्टी” म्हणतोच ना, तिथं पण “ची” आलाच. “अप्लाय फॉर टू डेज’ लीव्ह.” एकच दिवस असला तर “वन डे’ज लीव्ह.” पोळा आणि तान्हा पोळा लागून येतात, तेव्हा माझ्याकडं दोन दिवसांच्या सुट्टीचे अर्ज सरावाला लिहवून घेते, “आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी टू डेज’ लीव्ह.” बघा, “रिक्वेस्ट” क्रियापद म्हणून वापरलं की “फॉर” येत नाही, “आस्क फॉर” आणि “अप्लाय फॉर” ला येते.

“अ टू-डे लीव्ह” असं लिहिलं तर मात्र कॉमा नाही आणि डेला एसही नाही, मधात आडवी रेघ. दोन्ही बरोबर, पण एकाच अर्जात दोन्हीची खिचडी करू नका.

टीचर’स डे का टीचर्स’ डे? फ्लेक्सवर दोन्ही दिसतात.

५ सप्टेंबर सगळ्या शिक्षकांचा दिवस, “मास्तराईचा दिवस”, म्हणून टीचर्स’ डे. १४ नोव्हेंबर चिल्ड्रन’स डे, ८ मार्च वुमेन’स डे, कारण वर सांगितलं. २३ डिसेंबर हा चौधरी चरणसिंग यांचा जन्मदिवस शेतकरी दिन म्हणून पाळतात, तो फार्मर्स’ डे.

मदर’स डे मात्र एकवचनात आहे आणि ते चुकून नाही. अमेरिकेत ज्या बाईनं हा दिवस सुरू केला त्या ॲना जार्विस यांचा आग्रहच होता की कॉमा एसच्या आधी पाहिजे, जगातल्या सगळ्या आयांचा दिवस म्हणून नाही तर प्रत्येकानं आपल्या एका आईचा दिवस म्हणून. १९१४ मधे तिथं तो अधिकृत झाला. एवढ्याशा कॉमात एवढा अर्थ. वर्गात हे सांगितलं की पोरं पाच मिनिटं शांत असतात.

आमच्या गावच्या कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर एकदा चुकीचा कॉमा छापून आला, मी मजकूर फोनवर तोंडी सांगितला होता आणि तोंडी फरक कळतच नाही हे मलाच सुचलं नाही. तेव्हापासून मी कागदावर लिहून फोटो पाठवते. तुम्ही पण तसंच करा.

हा कॉमा आला कुठून?

थोडक्यात सांगते. जुन्या इंग्रजीत मालकी दाखवाले शब्दामागं “एस” चा प्रत्यय स्वरासकट लागत होता, आपल्या “चा” सारखाच. पुढं तो स्वर गळला. अक्षर गळालं हे दाखवणारी ही खूण फ्रेंच छपाईतून सोळाव्या शतकात इंग्रजीत आली. एकवचनात ती आधी रुळली, अनेकवचनात एसच्या नंतर टाकायची रीत बरीच उशिरा, अठराव्या शतकात बसायला लागली. म्हणजे इंग्रजांनाही हे जमायला वेळ लागला, तुम्हाला महिनाभर लागला तर काही बिघडत नाही.

“मामाकडं राहिलो” यात घर हा शब्दच नाही, तरी कॉमा?

हो. “वी स्टेड ॲट माय अंकल’स.” पुढं “हाऊस” लपलेला आहे. आजी-आजोबांकडं राहिलो, “वी स्टेड ॲट माय ग्रँडपेरेंट्स’.” वाक्य कॉमावर संपलं म्हणून घाबरू नका. आडनावाचंही तसंच, देशमुखांच्या वाड्यात जमले तर “द देशमुख्स’ हाऊस,” पूर्ण घराण्याचं नाव अनेकवचनात, मग कॉमा.

मोटर बंद कर, “टर्न ऑफ” मधला “ऑफ” इकडंतिकडं जाते, मग “फॉर” का जात नाही?

रात्रीची लाईन आली की मोटर सुरू करायला वावरात जावं लागते, म्हणून हे वाक्य माझ्या पोरांना लगेच कळते. “टर्न ऑफ द नेबर्स’ मोटर” आणि “टर्न द नेबर्स’ मोटर ऑफ,” दोन्ही चालते, कारण इथं “ऑफ” क्रियापदाचाच तुकडा आहे. “वेट फॉर द नेबर्स’ मोटर” मधे “फॉर” खरं प्रिपोजिशन आहे, ते नामाच्या आधीच राहते, मागं जात नाही. सर्वनाम घालून तपासा, “टर्न इट ऑफ” बरोबर, “वेट इट फॉर” असं कोणी म्हणत नाही.

“देअर” ला, “इट्स” ला कॉमा?

मालकीच्या सर्वनामांना कधीच नाही. देअर, अवर, इट्स, देअर्स, अवर्स. “वी लिसन्ड टू देअर प्रॉब्लेम्स.” “इट्स” ला कॉमा लागला की तो “इट इज” किंवा “इट हॅज” होते.

बारावीला आणि स्पर्धा परीक्षेला येते ते “ऑब्जेक्ट टू द विलेजर्स’ कटिंग द ट्री” काय आहे?

इथं वस्तूच्या जागी कृती आली. गावकऱ्यांच्या झाड तोडण्याला हरकत घेतली. मराठीत “गावकऱ्यांच्या तोडण्याला” म्हणतो तसंच, म्हणून कॉमा. “दे ऑब्जेक्टेड टू द विलेजर्स’ कटिंग द ट्री.” आजकाल कॉमा न लावता “द विलेजर्स कटिंग” पण सर्रास लिहितात आणि ते चूक धरत नाहीत, पण औपचारिक लिखाणात कॉमावालं जास्त शोभते. पर्यायात दोन्ही नसतील, एकच असेल, तोच निवडा. “इन्सिस्ट ऑन” लाही असंच, “शी इन्सिस्टेड ऑन द वर्कर्स’ बीइंग पेड ऑन टाइम,” मजुरी वेळेवर मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला. इथं “टू” आणि “ऑन” नंतर साधं क्रियापद नाही, आयएनजी लागते. “लुक फॉरवर्ड टू” तर सगळ्यांचंच चुकते, “आय लुक फॉरवर्ड टू माय कझिन्स’ व्हिजिट” किंवा “टू मीटिंग माय कझिन्स,” पण “टू मीट” नाही.

मोबाईलवर टाईप करताना कॉमा आपोआप आधी जाते, काय करावं?

कीबोर्ड कधीकधी एकवचनवालं रूप स्वतःच पुढं करते. त्याच्या सुचवण्यावर बोट लावू नका, शब्द पूर्ण टाईप करून कॉमा हातानं टाका आणि पाठवायच्या आधी एकदा नजर घाला.

आईबाबांना इंग्रजी येत नाही, घरी अभ्यास कोण घेईल?

तेच घेतील. हा प्रश्न पालक सभेत दर वेळी येतो आणि विचारणारी माय बहुतेक मान खाली घालून विचारते. तुम्हाला इंग्रजी यायची गरज नाही काकू, तुम्हाला फक्त एक प्रश्न विचारायचा आहे. लेकरू वाक्य वाचून दाखवते, तुम्ही भाकरी थापता थापता विचारा, “कोणाचं? एकाचं का सगळ्याईचं?” ते म्हणालं सगळ्याईचं, तर म्हणा, मंग कॉमा मागं टाकला का पाय.

आमच्या क्लासमधल्या एका पोट्ट्याची माय रोज रात्री असंच विचारते, ती स्वतः चौथीपर्यंत शिकली. परवा त्याच्या वहीत “वी मस्ट केअर फॉर द बुलक’स हेल्थ” होतं, आणि त्याच्यावर खोडून पेन्सिलनं “बुलक्स’” केलेलं. मी विचारलं हे कोणी सुधरवलं तर म्हणे, माय म्हणाली आपल्या घरी बैल दोन हायेत.